दुसरं काडतूस

“मॅडम, तुमच्या कमरेला जे आहे ना, ते भरलेलं आहे की रिकामं?”

प्रश्न माझा नव्हता. ढापणी आणि चिमणी, माझ्या वर्गातल्या दोघी, शाळेपासून माझ्या मागे लागल्या होत्या. एक चष्म्यातून टकमक बघते म्हणून ढापणी, दुसरीचं तोंड मिनिटभर मिटत नाही म्हणून चिमणी. आमच्या पुढे गणवेशातल्या एक बाई चालल्या होत्या, कमरेला पिस्तूल. “विचारून दाखव,” चिमणी म्हणाली, “नाहीतर उद्यापासून तुझा डबा माझा.” गेल्या वर्षी मी गुपचूप डबा दिला असता. तेव्हा शाळेतल्या बाईंनी वर्गात नाव घेतलं तरी माझ्या घशात बोळा बसायचा. पण ह्या वर्षी वक्तृत्वात दुसरा नंबर आला, आणि तो बोळा निघाला तो निघालाच.

मॅडम थांबल्या. “तुला काय वाटतं?”

“भरलेलं.”

“कशावरून?”

“स्वतः उघडून बघेपर्यंत प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. माझे बाबा म्हणतात.”

“कोण तुझे बाबा?”

मी ऐटीत बोट दाखवलं. रस्त्याच्या टोकाला आमचं घर, घराला टेकून पत्र्याची शेड, वर पाटी : ‘बंदूक दुरुस्ती’.

मॅडमनी पाटी वाचली, मग मला न्याहाळलं. “चल मग. मीही तिकडेच निघालेय.”

मैत्रिणी फिदीफिदी हसत पळाल्या. मी मात्र मॅडमच्या बरोबरीनं ताठ मानेनं चालले. दहा मिनिटांनी त्याच मॅडमनी आमच्या शेडच्या कडीला सुतळी बांधली, तिच्यावर लाल लाख ओतली आणि शिक्का दाबला.

बाबा दारात उभे होते. वीस वर्षं बंदुका उडवून तपासल्यामुळे त्यांचा डावा कान गेलाय, आणि मॅडम नेमक्या डाव्या बाजूनं बोलत होत्या. बाबा नुसते ओठांकडे बघत मान हलवत होते. मी पुढे झाले, उजव्या कानाशी जाऊन सांगितलं, “बाबा, घड्याळकाकांनी तक्रार केलीय. त्यांची नवी बंदूक घरात उडाली. गुरुवारी शहरात चौकशी. तोवर शेड बंद.”

“कुणाला लागलं?” बाबांनी पहिलं हेच विचारलं.

“नाही. काकूंच्या खुर्चीची पाठ गेली. काकू नुकत्याच उठल्या होत्या.”

बाबा मटकन पायरीवर बसले.

घड्याळकाका म्हणजे आमच्या पलीकडचे मळेवाले. दर पाच मिनिटांनी मनगट वळवून वेळ बघतात, कुठे जायचं नसलं तरी. बाबांचे जुने दोस्त. चाळीस वर्षं त्यांनी दुनळी वापरली. पण यंदा मक्याच्या कणसात दूध भरायला आणि डुकरं जंगलातून उतरायला एकच गाठ पडली. दोनचार नव्हे, पंधरापंधराचा कळप. एका रात्रीत पट्टा लोळवून जायची. दुनळीत दोनच काडतुसं, म्हणून काकांनी कुणाकडून तरी वापरलेली पंपाची बंदूक घेतली. तिची आतली स्प्रिंग मरगळली होती, ती बाबांनी बदलून दिली. चार दिवसांनी ती उडाली.

काकांनी जबाबात लिहून दिलं होतं ते असं : शेतात जाताना चार काडतुसं भरली. डुकरांवर तीन झाडली. घरी येऊन बंदूक उघडली, उरलेलं एक बाहेर पडलं. आत बघितलं, नळी रिकामी. बंद केली, चाप ओढला, आणि बार झाला. हे जास्तीचं काडतूस आलं कुठून? आधीचंच कधीतरी नव्या स्प्रिंगनं आत अडकवून ठेवलं असणार. म्हणजे दुरुस्ती चुकली.

सगळा हंगाम त्या शेडमध्ये कोंडला गेला. लोकांच्या अकरा बंदुका आत. त्यांचे मालक रात्रभर शेतात डबे बडवत बसायचे आणि सकाळी सुजल्या डोळ्यांनी आमच्या दाराशी यायचे. “आमची तरी काढून द्या हो!” बाबा लाखेकडे बोट दाखवायचे. मग ते बाबांच्या डाव्या बाजूला उभं राहून काय वाट्टेल ते बोलायचे. बाबांना ऐकू यायचं नाही. मला यायचं.

नुसतं बसवेना म्हणून बाबांनी अंगणात सहाणेचं चाक मांडून विळे, खुरपी, कोयत्यांना धार लावायला घेतलं. पायानं चाक फिरवायचं, पात्यावर पाणी टाकायचं, अंगठा आडवा फिरवून धार बघायची. ऊन पत्र्यावरून उसळून थेट मानेवर यायचं. बाबांचा सदरा पाठीला चिकटायचा. आई एरवी बंदुकांच्या लाकडी दस्त्यांना तेल चोळते, तिचे तळवे कायमचे तपकिरी झालेत. आता ती विळ्यांच्या मुठी पॉलिश पेपरनं घासत होती.

“काय मिस्त्री, बंदुका सोडून विळ्यांवर आलात?” दूधवाला म्हणाला.

“विळा आपोआप चालत नाही म्हणे,” त्याच्या मागचा म्हणाला, आणि दोघं हसले.

मी ताडकन उठले. आईनं माझी वेणी धरून खाली बसवलं. “मूठ धर,” ती म्हणाली. “बोलायची वेळ आली की मी सांगेन.”

बाबांचं वेगळंच चाललं होतं. मधेच चाक थांबवायचे आणि जमिनीवरच्या ओल्या मातीत काडीनं स्प्रिंग काढायचे. वेटोळी मोजायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. दुसऱ्या दिवशी मी उजव्या कानाशी जाऊन विचारलं, “बाबा, तुमची चूक नाहीच ना?”

त्यांनी काडी खाली ठेवली. “एक वेटोळं जास्त ठेवलं असेन तर काडतूस आत जाम होऊ शकतं. मी मोजलं होतं. पण आता वाटतं, मोजलं होतं का?”

मी बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. ज्या माणसानं मी सहा वर्षांची असताना चार मेलेल्या बंदुका, म्हणजे पिना काढून टाकलेल्या, बाकावर मांडून मला सांगितलं होतं की प्रत्येकीचं दार वेगळ्या जागी असतं, तो हा माणूस. ठासणीच्या बंदुकीला दारच नाही, सगळं तोंडातून ठासायचं. म्हणून ती भरलीय का ते गज आत सोडून, गज किती बाहेर राहतो त्यावरून ओळखायचं. दुनळी मधून मोडते, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो. बोल्टच्या रायफलीची मूठ वर उचलून मागे ओढायची, पण त्याआधी खालची पेटी काढून घ्यायची. हे सगळं बाबा गाणं म्हटल्यासारखं सांगायचे. “आणि डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही,” असं म्हणून करंगळी आत घालायचे. “आणि हे सगळं करताना बंदुकीचं तोंड कुठे?” ते विचारायचे. “जिथे गोळी गेली तरी कुणाचं काही जाणार नाही तिथे,” मी ओरडायचे.

मंगळवारी भरदुपारी मी शाळेतून येऊन टेकते तोच काकू मागच्या दारानं आल्या. हातात बोथट विळा, पण विळा नुसतं निमित्त. आईनं पाट दिला नाही, पाणीही विचारलं नाही. काकू उभ्याच राहिल्या.

“तुम्ही माझ्यावर का रागावता? मी कुठे तक्रार केली?” त्या म्हणाल्या. “मी तर उठले म्हणून वाचले. शेंगा सोलत बसले होते, पातेलं कमी पडलं म्हणून उठले.”

एवढं बोलून त्यांनी विळा खाली टाकला आणि भिंतीचा आधार घेतला. तेव्हा मात्र आईनं त्यांना खांद्याला धरून बसवलं.

“काकू,” मी विचारलं, “काकांनी नेमकं काय काय केलं? करून दाखवा.”

“मला काय कळतंय त्यातलं!”

“जे दिसलं ते.”

काकूंनी कोपऱ्यातला केरसुणीचा दांडा घेतला. डाव्या हातानं दांड्याचा पुढचा भाग मागे ओढल्यासारखं केलं. “असं. तेव्हा एक काडतूस टणकन बाहेर पडलं. ते अजून खिडकीत ठेवलंय. मग आत डोकावले, ‘झालं’ म्हणाले. मग असं पुढे ढकललं. मग नेहमीसारखा चाप ओढला. दुनळीचाही रोज ओढायचे, स्प्रिंगला आराम म्हणून.”

“पुढे ढकललं,” मी म्हटलं.

“हो. बंद नको करायला?”

दुनळी उघडून, बघून, बंद केली की ती रिकामीच राहते. काकांच्या हातांना चाळीस वर्षं तेच ठाऊक. पण पंपाच्या बंदुकीत, म्हणजे बाबांच्या बाकावरच्या चौथीत, नळीखाली दुसरी नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक रांगेत उभी. मागे ओढलं की वापरलेलं बाहेर पडतं आणि रांगेतलं पुढचं खाली येऊन बसतं. नळीत बघाल तर नळी रिकामी. आणि पुढे ढकललं की तेच खालचं काडतूस नळीत जातं. काकांनी बंदूक बंद केली नव्हती. भरली होती.

“पण काकांनी तीन झाडली होती ना?” आई म्हणाली. “मग रांगेत उरलं कसं?”

“तीन झाडली असं त्यांना वाटतंय!”

दप्तर तिथेच टाकून मी ढापणी-चिमणीला हाक मारायला धावले. काकूंनी मळ्याचा कोपरा दाखवला. काका जिथे बसले होते तिथे स्टूल होतंच. पंपाची बंदूक झाडलेल्या काडतुसांची रिकामी टोपणं उजवीकडे फेकते, तेव्हा उजवीकडच्या दहा सऱ्या आम्ही वाटून घेतल्या. मक्याची पानं म्हणजे करवतीच. हात, गाल, मान, सगळीकडे बारीक रेघा उठल्या आणि घाम लागून चुरचुरायला लागल्या.

“एक!” पाचव्या मिनिटाला चिमणी किंचाळली. लाल टोपण, पितळी बूड.

“दुसरं,” ढापणी थोड्या वेळानं शांतपणे म्हणाली.

आणि मग काहीच नाही. रांगत रांगत सगळ्या सऱ्या पालथ्या घातल्या, मग डावीकडच्याही.

“आयुष्यात पहिल्यांदा,” चिमणी गुडघे झाडत म्हणाली, “वस्तू सापडू नये म्हणून शोधतेय.”

तिसरं टोपण नव्हतं. दोन शेतात, एक खिडकीत, एक खुर्चीत. चार. जास्तीचं काडतूस कधी नव्हतंच.

मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चाक थांबवलं. मी बोलत होते आणि ते माझ्या ओठांकडे नाही, थेट डोळ्यांत बघत होते. शेवटी त्यांनी ओल्या हातांनी तोंड पुसलं आणि इतका लांब श्वास सोडला, जणू शनिवारपासून तो छातीतच धरून ठेवला होता. मग म्हणाले, “हे मी चौकशीत सांगणार नाही.”

“काय?” मी आणि आई एकदम.

“चाळीस वर्षांचा नेमबाज आहे तो. त्याला बंदूक उघडता येत नाही असं चारचौघांत म्हणू?”

“आणि आपल्या दाराला लाख लागलीय ती?” आई म्हणाली. “ती कुणाच्या चारचौघांत लागली?”

आईनं मुठीवरची भुकटी फुंकली आणि माझ्याकडे बघितलं. “आता आली वेळ,” ती म्हणाली. “तू जा त्यांच्याबरोबर. कान म्हणून नाही. तोंड म्हणून.”

गुरुवारी शहरातल्या त्या खोलीत एक लांब टेबल होतं, डोक्यावर पंखा आणि कोपऱ्यात वाळूनं भरलेली लाकडी पेटी. टेबलावर काकांची बंदूक, उघडी ठेवलेली, चापाच्या कडीला चिठ्ठी. काका-काकू बाकाच्या एका टोकाला, आम्ही दुसऱ्या टोकाला. काकांनी चार वेळा घड्याळ बघितलं.

मॅडमनी कागद वाचले. “दोघांचेही जबाब स्वच्छ आहेत. मिस्त्री म्हणतात स्प्रिंग बरोबर आहे. हे म्हणतात बंदूक रिकामी केली होती. कुणीतरी खोटं बोलतंय.”

“कुणीच नाही,” मी म्हणाले.

मॅडमनी मान वर केली. मला ओळखलं. “बोल.”

मी दोन टोपणं टेबलावर ठेवली, सऱ्यांचं सांगितलं, खिडकीतल्या काडतुसाचं सांगितलं. मग म्हटलं, “मॅडम, तुमच्याकडे पंपाची दुसरी बंदूक असेल ना? बाबांनी हात न लावलेली? आणि नकली काडतुसं? काकांनी त्या दिवशी केलं तसं करून दाखवावं. तोंड वाळूच्या पेटीकडे.”

“पोरीच्या जातीनं मला शिकवायचं आता?” काका उसळले.

“शिकवत नाहीये, काका. फक्त करून दाखवा म्हणतेय. तुमचे हात खोटं बोलणार नाहीत.”

मॅडमनी कपाटातून दुसरी बंदूक आणली, उघडून बघितली, करंगळी घातली, मग चार लाल लाकडी काडतुसं भरून पहिलं नळीत चढवलं. दोनदा मागेपुढे करून दोन बाहेर काढली. “दोन डुकरांवर गेली,” त्या म्हणाल्या. “आता तुम्ही घरी आलात.”

काकांनी बंदूक घेतली. हात तयारीचे होते, ह्यात शंका नाही. खर्रकन मागे ओढलं. लाल काडतूस उडून टेबलावर पडलं. त्यांनी वाकून नळीत बघितलं. “रिकामी,” म्हणाले. खर्रकन पुढे ढकललं. पेटीकडे तोंड करून चाप ओढला. खट्ट.

“बघा, काही नाही,” ते म्हणाले.

“आता पुन्हा उघडा,” मॅडम म्हणाल्या.

काकांनी मागे ओढलं. दुसरं लाल काडतूस बाहेर उडालं, फरशीवर पडलं आणि गरगरत त्यांच्या बुटाला येऊन टेकलं.

काका त्या काडतुसाकडे बघत राहिले. मग त्यांची नजर हळूहळू वळली आणि काकूंवर गेली. काकूंच्या पाठीवर. बंदूक त्यांनी टेबलावर ठेवली तेव्हा ती लाकडावर दोनदा खडखडली.

“आणि त्या दिवशी तोंड खुर्चीकडे का होतं?” मॅडमनी आवाज न चढवता विचारलं.

“रिकामी होती ना...” काका म्हणाले.

तेव्हा बाबा उठले. कुणी विचारलं नव्हतं. “चूक माझीही आहे,” ते म्हणाले, नेहमीसारखं जरा जास्तच मोठ्यानं. “बंदूक परत देताना मी सांगायला लागलो होतो, आधी खालची रांग रिकामी करायची, मग नळी, मग बोट घालून बघायचं. हा म्हणाला, मला शिकवतोस? मी गप्प बसलो. मी गप्प बसायला नको होतं.”

“हो, म्हणालो होतो,” काका पुटपुटले. ते बाबांच्या डाव्या बाजूला होते. मग उठून उजवीकडे आले आणि कानाशी वाकून पुन्हा म्हणाले, “म्हणालो होतो रे. तक्रार मागे घेतो.”

बाबांनी त्यांचं मनगट धरलं, घड्याळासकट. माझा जीव भांड्यात पडला तो इतका जोरात की मला हसूच फुटलं, आणि सगळ्यात आधी मॅडम हसल्या.

परतीच्या बसमध्ये दोघं दोस्त पुढे बसून डुकरांबद्दल भांडत होते. काकू माझ्या शेजारी. त्या म्हणाल्या, “लग्न होऊन आले त्या दिवसापासून ती वस्तू माझ्या घरात भिंतीवर आहे. पहिली गेली, दुसरी आली. रोज तिच्यावरची धूळ पुसते. पण तिचं दार कुठे आहे, ते मला कुणी सांगितलंच नाही. मला माहीत असतं, तर त्या दिवशी ‘अहो, थांबा’ म्हटलं असतं.”

मी काही बोलले नाही. मी आणि गप्प! काकूंनी काळजीनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई येऊन सुतळी कापून गेला. दुपारपर्यंत अंगणात अकरा मालक, अकरा बंदुका आणि दोन किटल्या चहा. दूधवाला बाबांच्या उजव्या बाजूला उभा राहून गोड गोड बोलत होता. बाबा एकेक बंदूक उघडून देत होते, आणि मालक “हो हो, माहितीय” म्हणत खांद्याला अडकवून निघत होते. बाबा एकेकाला थांबवत होते, पण आवाजाच्या गोंधळात अर्धं ऐकू न आल्यानं दमून जात होते. अकराच्या अकरा पुरुष. त्या अकरा घरांत मागे राहिलेल्या बायका मी मनात मोजल्या.

संध्याकाळी अंगण रिकामं झालं. आई पायरीवर बसून दस्त्याला तेल चोळत होती, बाबा डोळे मिटून भिंतीला टेकले होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. आईलाही ऐकू जावं म्हणून आवाज लावला, अगदी वक्तृत्वातला.

“आई, बाबा, मी एक ठरवलंय. ज्या ज्या घरात बंदूक आहे, त्या घरातल्या बायकांचा वर्ग मी दर रविवारी सकाळी इथे अंगणात घेणार. बाबांच्या चार मेलेल्या बंदुका आणि लाकडी काडतुसं, खरं काहीही नाही, आणि बाबा समोर बसलेले. झाडायला नाही शिकवणार. उघडायला, बघायला, बोट घालायला, आणि ‘अहो, थांबा’ म्हणायला. घरातली बाई इथे येऊन रिकामी करून दाखवेपर्यंत यापुढे दुरुस्तीला आलेली त्या घरची बंदूक आपल्या शेडमधून बाहेर जाणार नाही. परीक्षेचा अभ्यास होईल, विचारू नका. चिमणी घरोघर सांगत फिरतेय, ढापणी नावं लिहितेय, काकूंचा पहिला नंबर आहे, आणि मॅडमना मी सकाळीच पत्र टाकलंय. तेव्हा विचारत नाहीये, सांगतेय. तुम्ही दोघांनी फक्त एवढंच ठरवायचं, बाकं सावलीत मांडायची की उन्हात.”